खालून कापलेलं

१

तळ्यावरचं काम म्हणजे सकाळी बोट ढकलायची, दाताळं फेकायचं, ओढायचं आणि वर आलेल्या गवताला नाव द्यायचं. बस. यात शौर्य नाही की डोकं नाही. पोरीने कॉलेज अर्धवट सोडल्यावर तिला चिकटवायला याहून सोपं काम बापाला सापडलं नाही, आणि ते त्याने चारचौघांत उपकार केल्यासारखं सांगितलं.

तिला सगळे धाकटी म्हणत. घरातही, बोटीतही. थोरला तो दादा. तो पाण्यात उतरायचा. बाप मुकादम, तो कुठेच उतरायचा नाही, बोटीच्या टोकाला बसून हुकूम सोडायचा.

दाताळं दोन्ही बाजूंना दात असलेलं, लोखंडी, लांब दोरीला बांधलेलं. ते तळाशी बसेपर्यंत थांबायचं आणि मग हळूहळू ओढायचं. वर येतो तो चिखलाने माखलेला हिरवा गुंता. त्यातली एक काडी सोडवून बोटांत धरायची. झुपकेदार, कोल्ह्याच्या शेपटीसारखी असेल तर तिला मूळच नसतं. घरजावयासारखी नुसती पडून असते. रिबिनीसारखी लांब पट्टी असेल तर ती माशांच्या कामाची, तिला हात लावायचा नाही. आणि प्रत्येक पेराभोवती पाच-पाच बारीक पानं असतील, पानांच्या कडेला दाते असतील, उलटं बोट फिरवल्यावर मांजराच्या जिभेसारखं खरखरलं, तर तो हायड्रिला, तळं बुजवणारा. पानं मोजायची, बोट फिरवायचं, ओरडून सांगायचं. तीनच पानं असली तर दुसरं गवत, गरीब. ते सोडून द्यायचं. पाच असली तर काढायचं.

हायड्रिला कापून मरत नाही. काडीचा एक तुकडा सुटला तरी तो तळाशी जातो, मूळ धरतो आणि पुन्हा अख्खा उभा राहतो. एकाचे दोन होतात. हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मुकादमाकडे गवत कापायचं मशीन होतं, आणि हातात हातोडा असला की त्याला सगळीकडे खिळेच दिसायचे. "कापलं की संपलं," असं तो म्हणायचा. धाकटी शाळेत होती तेव्हापासून तो हे तळं कापत होता आणि तेव्हापासून तळं दरसाल जास्तच भरत होतं. त्याला यात चूक दिसत नव्हती. रोग टिकला की वैद्य टिकतो.

त्या सकाळी दाताळं हलकं आलं. गवत होतं भरपूर, पण चिखल नव्हता. मुळं नव्हती. धाकटीने एक काडी उचलली, दुसरी उचलली, मग मूठभर काड्यांची टोकं एकत्र धरून बघितली. ओढल्यावर गवत तुटतं ते चिंध्यांसारखं तुटतं. ही टोकं तिरकी, स्वच्छ छाटलेली होती. सगळी एका मापाने. उन्हात धरल्यावर त्या छाटल्या टोकांतून बारीक बुडबुड्यांची माळ निघत होती. म्हणजे कापून फार वेळ झाला नव्हता.

"बाबा, हे कापलेलं आहे."

"मशीनने कापलं असेल."

"मशीन या बाजूला आलंच नाही अजून. आणि मशीन वरून कापतं. हे बुंध्याशी कापलंय. खालून."

"कासव असेल."

"कासव एवढं मापात कापतं?"

"कासवांची डिग्री घेतली होतीस का?" बाप म्हणाला. "अरे हो, डिग्रीच घेतली नाहीस. विसरतोच मी."

दादा बोटीच्या मधोमध बसून श्वासाची नळी गुंडाळत होता. "तुम्ही तरी कुठं घेतलीय, बाबा," तो म्हणाला.

बाप गप्प बसला. दादासमोर तो असाच गप्प बसायचा आणि नंतर आठवडाभर आईवर खेकसायचा.

२

घर म्हणजे पंपघरामागच्या दोन खोल्या. भिंती बारा महिने ओल्या. पंप चालू असला की ताटवाट्या थरथरायच्या. बंद झाला की कान बधिर झाल्यासारखे व्हायचे. स्वयंपाकघरात एकच नळ. त्यात येणारं पाणी गाळलेलं असायचं, पण होतं तळ्याचंच.

दुपारी पंप बंद होता. आई ओट्यापाशी भांडी पुसत होती. धाकटी भिंतीला टेकून बसली होती, आणि तिला नळातून आवाज आला.

कच्.

मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, कच्.

ओल्या भाजीची जुडी धारदार विळीवर एकदाच दाबावी तसा. घाई नव्हती त्या आवाजाला. एक झालं, पुढे सरकलं, दुसरं. पुढे सरकलं.

"आई, ऐकतेस?"

"जुना नळ आहे."

"जुन्या नळाला असा आवाज येतो?"

"जुन्या नळाला सगळे आवाज येतात," आई म्हणाली आणि भांडी जरा जोरात पुसायला लागली. ऐकून न ऐकल्यासारखं करणं ही तिची आयुष्यभराची कमाई होती. त्या जोरावरच संसार टिकला, असं ती म्हणायची. टिकला म्हणजे काय, तर भिंतींना ओल टिकते तसा.

दादा आला तेव्हा धाकटीने त्याला पाइपाला कान लावायला लावलं. तो उकिडवा बसला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं.

"पाइपात हवा अडकली की ठोके पडतात," तो म्हणाला. "लोखंड गार होतानाही पडतात."

"मग हे तेच?"

"तेच असणार." तो उठला, गुडघे झटकले. "फक्त हवा इतकी तालात नसते."

मग आई बाहेर गेलीय हे बघून त्याने आवाज खाली आणला. दुसऱ्या शहरात त्याला वेल्डिंगचं काम मिळालं होतं. हे तळं झालं की तो जाणार होता. बापाला सांगणार नव्हता, थेट जाणार होता. आणि धाकटीला नेणार होता.

"एक खोली आहे. दोन खाटा बसतात," तो म्हणाला. "तुला परीक्षा द्यायची तर दे, नाही तर नको देऊस. मी विचारणार नाही."

मी विचारणार नाही. या घरात तिला एवढं कुणी कधी दिलं नव्हतं. ती त्या वाक्यावर जगत होती म्हटलं तरी चालेल. बाप टोमणा मारायचा तेव्हा ती मनात ती खोली मांडायची: इकडे एक खाट, तिकडे एक, मधे खिडकी. खिडकी होती की नाही तिला माहीत नव्हतं. तिने आपली ठेवली होती.

पाइपात पुन्हा कच् झालं. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटी ती दोघं आईचीच लेकरं.

३

गवत काढायचं ते पट्ट्यापट्ट्याने. एक पट्टा काढायचा, शेजारचा राखायचा. सगळं एकदम कापलं तर ते कुजतं, पाण्यातली हवा खाऊन टाकतं आणि सकाळी तळंभर मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. म्हणून पट्टे. या कामातला हा एकच नियम मुकादम पाळायचा, कारण मेलेले मासे लोकांना दिसतात.

पंपघराच्या गच्चीवरून, ऊन तिरकं असताना, तळ्याच्या आतलं दिसायचं. धाकटी टाकीचं झाकण बघायला वर गेली आणि तिथेच उभी राहिली.

पलीकडच्या काठापासून पट्टे पडले होते. एक हिरवा, एक काळा, एक हिरवा, एक काळा. दोरी लावून आखल्यासारखे सरळ. तिकडे मशीन गेलंच नव्हतं. आणि पट्टे पंपघराच्या दिशेने येत होते.

जे कुणी कापत होतं, त्याला नियम ठाऊक होता. एकदम नाही. थोडं काढायचं, थोडं राखायचं, वाट बघायची.

मशीन चालवणाऱ्याला टोपी म्हणत, कारण झोपतानाही तो ती काढत नसे. तिने त्याला वर बोलावून दाखवलं.

"मस्त झालंय की," टोपी म्हणाला.

"कुणी केलं?"

"ज्याने केलं त्याचं भलं होवो. फुकटात काम होतंय आणि तू चौकशा कसल्या करतेस? दिल्या घोड्याचे दात मोजू नयेत."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मला तुझ्या बापाची वाटते," टोपी म्हणाला आणि खाली गेला.

बाप तर टोपीच्या वरताण निघाला. दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याचे साहेब आले, तेव्हा त्याने त्यांना गच्चीवर नेऊन ते पट्टे दाखवले. छाती काढून. "एक माणूस जास्तीचा लावला नाही, साहेब. सगळं आमच्याच हाताने." साहेब खूश झाले. धाकटी जिन्यात उभी होती. बापाने तिच्याकडे असं बघितलं की, बोललीस तर बघ.

आता त्याला काही विचारण्यात अर्थच नव्हता. जे दुसऱ्या कुणी केलंय ते आपण केलं म्हणून सांगितलं, की मग ते दुसरं कुणी उरतच नाही.

जाता जाता साहेबांनी सांगितलं, की पंप जिथून पाणी ओढतो त्या तोंडापाशी तळाला काळी ताडपत्री अंथरून टाका. ऊन पोचलं नाही की खाली काही उगवत नाही.

"होऊन जाईल, साहेब," बाप म्हणाला. "पोरगा उतरेल उद्या."

४

बोटीत हवेचा कॉम्प्रेसर. त्याची नळी दादाच्या तोंडात, कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक धाकटीच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे ओढ. खालून जितके येतील तितकेच वरून द्यायचे, म्हणजे कळलं असं समजतं.

दादाने डोळा मारला आणि पाण्यात गेला.

वर त्याचे बुडबुडे येत राहिले. श्वासाएवढं थांबून एक झुपका, पुन्हा थांबून एक झुपका. धाकटी ते बघत बसली. बाप ताडपत्रीच्या गुंडाळीशेजारी बसून टोपीला सांगत होता, की हल्लीच्या पोरांना कष्टाची सवय नाही. हे चाललं असताना त्याचा पोरगा त्याच्या ढुंगणाखालच्या पाण्यात गाळ चाचपत होता.

एक झटका. तिने एक दिला.

बऱ्याच वेळाने पुन्हा एक. तिने दिला.

मग तीन. जोरात, घाईने, एकावर एक. तिने आणि टोपीने मिळून ओढलं. दादा वर आला, बोटीच्या काठाला लटकला आणि तोंडातली नळी काढून नुसता धापा टाकत राहिला.

"झालं का अंथरून?" बापाने विचारलं.

"अर्धं."

"अर्धं म्हणजे काय?"

दादा आत चढला आणि कमरेची दोरी सोडायला लागला. घरी आल्यावर, टॉवेल गुंडाळून पायरीवर बसल्यावर, त्याने धाकटीला सांगितलं.

"खाली काही नाहीये. झाडून ठेवल्यासारखं आहे. एक काडी पडलेली नाही." तो टॉवेलचं टोक पिळत होता. "गाळ उडाला म्हणून दिसत नव्हतं. ताडपत्रीचा कोपरा चाचपायला मी हात पुढे केला. आणि…"

"आणि काय?"

"हसशील."

"नाही हसत."

"कुणीतरी माझी बोटं मोजली."

ती हसली नाही.

"एकेक करून. अंगठ्यापासून. मग मनगटापासून वर कोपरापर्यंत हात फिरवला, उलटा. मग सोडलं." तो स्वतःच हसला, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "तू काडी बघतेस ना, तसं."

त्याच्या टाचेला एक जखम होती. जखम कसली, टाचेच्या कडेची नखाएवढी कातडी गेली होती. तिरकी, स्वच्छ. रक्त नव्हतं. दुखतही नाही, तो म्हणाला. आईने त्यावर मलम लावलं आणि म्हणाली, शिंपला लागला असेल.

"गेलेला तुकडा कुठाय?" धाकटीने विचारलं.

आईने तिच्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं. "तुकडा काय करायचाय तुला?"

५

"तो उद्या उतरणार नाही," धाकटी म्हणाली.

बाप जेवत होता. त्याने घास संपवला, पाणी प्यायला, मग वर बघितलं. हे त्याचं नेहमीचंच. समोरच्याला आधी वाळत घालायचं, मग बोलायचं.

"कोण ठरवणार? तू?"

"खाली काहीतरी आहे."

"पाणी आहे. तळ्यात पाणी असतं."

"बाबा, त्याला धरलं कुणीतरी! ते पट्टे तुम्ही केले नाहीत, मी केले नाहीत, टोपीने केले नाहीत. कुणी केले ते सांगा ना. एकदा तोंडाने सांगा, मग पाठवा त्याला."

"आवाज खाली."

"तुम्हाला माहितीये. म्हणूनच तुम्ही उतरत नाही."

आई म्हणाली, "अगं, जाऊ दे."

"काय जाऊ दे? दरवेळी काय जाऊ दे? आता दादाच चाललाय!"

बाप उठला. त्याने हात उचलला नाही, त्याची गरज नव्हती. "मी साहेबांना शब्द दिलाय," तो म्हणाला. "उरलेलं अर्धं उद्या होणार. तो उतरला नाही तर तू उतर. तेवढं तरी शिकलीस का बघू."

दादा भिंतीला टेकून टाचेची पट्टी सारखी करत होता. "उतरतो मी," तो म्हणाला. मग बापाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, "शेवटचं, धाकटे. हे झालं की बॅग भरायची. भांडून उगाच त्याला संशय देऊ नकोस."

ती गप्प बसली. नंतर ती स्वतःला या गप्प बसण्याबद्दल जे काही म्हणाली, ते लिहिण्यासारखं नाही. त्या घरात सगळ्यांचंच गप्प बसायचं आपापलं कारण होतं आणि प्रत्येकाला आपलंच शहाणपणाचं वाटत होतं.

६

सकाळ स्वच्छ होती. वारा नव्हता. पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

दादा उतरला. नळी गेली, दोरी गेली. बुडबुड्यांचा झुपका, मग थांबणं, मग झुपका. एक झटका आला, तिने एक दिला. गुंडाळीतून ताडपत्री हळूहळू खाली ओढली जात होती; म्हणजे काम चाललं होतं. पुन्हा एक झटका. ठीक. तिला वाटलं, होईल बहुतेक. असं वाटून घ्यायला माणसाला फारसं काही लागत नाही.

मग बोट डावीकडे कलली. पलीकडच्या बाजूने दोन हात काठावर आले आणि दादा वर चढला.

तोंडात नळी नव्हती. कमरेला दोरी नव्हती. त्याने केस मागे सारले, पाणी झटकलं, फळीवर बसला.

"नळी गुंतली," तो म्हणाला. "सोडून आलो."

"आणि दोरी?" टोपीने विचारलं.

"तीपण."

"काम?" बाप.

"झालं, बाबा."

धाकटी त्याच्याकडे बघत होती. दादाच होता. दादाची मान, दादाचे खांदे, कानामागचा तीळ. तिच्या छातीत इतकं हलकं झालं की तिला रडू यायला लागलं. आणि तेवढ्यात तिच्या हातातल्या दोरीला झटका बसला.

एक नाही. तीन.

ती दोरीकडे बघत राहिली. दोरी नुसती गुंतली असेल. पाण्याला ओढ असते. ताडपत्री हलली असेल. तिने हे सगळं स्वतःला सांगितलं, आणि सांगून व्हायच्या आत पुन्हा तीन आले. जोरात, घाईने, एकावर एक.

"बाबा," ती म्हणाली.

उजवीकडे, जिथे नळी पाण्यात जात होती, तिथे बुडबुडे येत होते. टाकून दिलेली नळी भसाभसा एकसारखी हवा ओकते. हे थांबून थांबून येत होते. झुपका. थांबणं. झुपका.

ती वाकली. वारा नव्हता म्हणून खोलवर दिसलं. काळ्या ताडपत्रीची कड एका जागी वर उचललेली होती आणि तिच्याखालून एक हात आला होता. दोरी धरलेला. त्या हातामागे अंधारात ओळीने उभं काहीतरी डुलत होतं. गवत. गवतच असणार. पण तिथे आता गवत उरलंच नव्हतं.

"दादा आहे खाली!" ती ओरडली. "ओढा! टोपी, ओढा ना!"

टोपीने दोरीला हात घातला, मग फळीवर बसलेल्या दादाकडे बघितलं आणि हात काढून घेतला.

फळीवरचा दादा शांतपणे बापाकडे बघत होता. "सोडा ते, बाबा," तो म्हणाला. "साहेब येतील इतक्यात."

धाकटीने आयुष्यात बापाला कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. आता बघितलं. त्याने एकदा या पोराकडे बघितलं, एकदा दोरीकडे. एक वर होता, कोरडा होत होता, हो म्हणत होता. दुसऱ्यासाठी ओढावं लागणार होतं, आणि ओढल्यावर जे वर येईल त्याला काहीतरी नाव द्यावं लागणार होतं.

त्याने कॉम्प्रेसर बंद केला. मग कोयता उचलला आणि तिच्या हातापासून वीतभर अंतरावर दोरी कापली.

बुडबुड्यांचा एक झुपका आला. बऱ्याच वेळाने आणखी एक, लहान. पाण्यात उडी घ्यायला निघालेल्या धाकटीला टोपीने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. ती चावली, तरी त्याने सोडलं नाही. काठावरून साहेबांची हाक आली. तोवर पाणी पुन्हा सपाट झालं होतं.

७

घरात आता शांतता असते. दादा वेळेवर जेवतो. बाप म्हणेल तिथे जातो. टोमण्याला उलट बोलत नाही, म्हणून बापाने टोमणे मारणंही कमी केलंय. "आता कसा शहाण्यासारखा वागतो," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. पुढच्या गावचं तळंही त्याने घेतलंय.

टाचेची जखम भरून आलीय. नवी कातडी, गुळगुळीत. धाकटीने आईला ती दाखवली.

"मलम चांगलं होतं," आई म्हणाली.

"आई, तू त्याच्याकडे नीट बघितलंस का एकदा तरी?"

आई ताट पुसत होती. खूप वेळ पुसत राहिली. "घरात आहे ना," ती म्हणाली. "दोन वेळा समोर जेवतो ना. मला पुरे."

एकदा, दोघंच असताना, धाकटीने त्याला त्या खोलीबद्दल विचारलं. कधी जायचं?

"कुठली खोली?" तो म्हणाला. अगदी मायेने म्हणाला. "आणि जायचं कशाला? सगळे इथेच तर आहेत."

टोपी काम सोडून गेला. बाप म्हणाला, बरं झालं, आळशी होता. पट्टे पंपघरापर्यंत पोचले आहेत. बाप आता तिकडे बघतही नाही. तळं स्वच्छ आहे, त्याचं नाव झालंय. पंपघराच्या पलीकडे वस्ती सुरू होते. परवा पहिल्या रांगेतल्या एका घरातला माणूस बेपत्ता झाला आणि संध्याकाळी आपल्या पायांनी परत आला. त्याची बायको पाणी भरायला आली तेव्हा सांगत होती, की तो हल्ली फार समजूतदार झालाय. तिच्या शेजारच्या घरात काही झालं नाही. त्याच्या पुढच्या घराचं दार मात्र सकाळपासून उघडंच होतं.

काल जेवताना दादा म्हणाला, "बाबा, ताडपत्री एकदा तपासायला हवी. धाकटी उतरेल. मी शिकवतो तिला. दोरी मी धरतो."

बाप म्हणाला, "बघ, विचारतोय तुझा भाऊ."

त्यांना वाटलं ती किंचाळेल, ताट भिरकावेल. आईने तर आधीच डोळे मिटून घेतले होते. धाकटी म्हणाली, "उतरते."

आज सकाळी ती बोटीच्या काठावर बसली आहे, पाय पाण्यात सोडून. कॉम्प्रेसर चालू आहे, नळी तोंडात आहे. खाली जाऊन कुणाला वाचवता येणार नाही, हे तिला कळतं. हवा बंद झाली तेव्हाचे शेवटचे बुडबुडे तिने बघितले आहेत. ती वेडी झालेली नाही. तसं झालं असतं तर बरं, पण नाही झालेली. बापाने दोरी पुढे केली, तिने ती बांधून घेतली नाही, आणि बापाने आग्रह केला नाही.

तिच्यामागे फळीवर ते दोघं शेजारी शेजारी बसले आहेत. पुढच्या तळ्याचं बोलणं चाललंय. एक काहीतरी म्हणाला आणि दुसरा हसला, मग पहिलाही हसला. बाप आणि पोरगा एकत्र हसलेले तिने जन्मात ऐकले नव्हते. ऐकायला गोड वाटतं.

खाली कुणी आहे की नाही, हे तिला माहीत नाही. वर कुणी नाही, हे पक्कं माहीत आहे.

तिने काठावरचा हात सोडला.